डबल खाडा : मजुरी ठरलेली, पगार अनिश्चित

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगाराला आपल्या हातात नेमके किती पडतील, हे पगाराच्या दिवसापर्यंत सांगता येत नसे. एक दिवस गैरहजर राहिल्यास अनेक गिरण्यांत दोन दिवसांची मजुरी कापली जाई. हाच ‘डबल खाडा’. बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती होई. पगारही उशिराच. तो पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, ही मागणी तर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ सालीच झाली होती; त्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या.

पगारवाटपाचा कायदा झाला थेट १९३६ साली! त्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. म्हणजे ३२ रुपये मिळवणाऱ्यास दंड फार तर एक रुपया, आणि तोही कामगारांच्या हितासाठीच खर्चायचा. गैरहजेरीची कपातही गैरहजेरीपुरतीच. मात्र दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, पूर्वसूचना व सबळ कारण न देता काम थांबवले, तर करारातील अटीनुसार आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभा मालकांकडे राहिली. संप करणाऱ्यांसाठी खाडा असा शिल्लक उरलाच.