पेटी, कॅसिओ आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. निमित्त झालं एका खरेदीचं. लेकीच्या पियानोच्या सरांनी सांगितलं की पुढच्या परीक्षेला साधा कीबोर्ड चालणार नाही, वजनदार पट्ट्यांचं वाद्य घ्या. त्याच आठवड्यात आमच्या चर्चच्या गायकवृंदातही नवं वाद्य घ्यायचं ठरत होतं. म्हटलं, घरी आणि स्टेजवर दोन्हीकडे चालेल असा एकच डिजिटल पियानो घेऊया. वर्गणीत अर्धे पैसे आमचे. हिशोब सोपा होता. फक्त तो बाबांना सांगायचा राहिला होता.

बाबा गेली पन्नास वर्षं पेटी वाजवताहेत. वसईत चर्चमध्ये पेटी कुठून आली, असं बाहेरची मंडळी हमखास विचारतात. आपल्याकडे 1534 पासून पोर्तुगीज, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं. पोर्तुगीज चर्चच्या घंटा त्या वेळी मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आजही बघायला मिळते, तिच्यावर 1721 साल आहे. पण पेटीचा किल्ल्याशी काही संबंध नाही. ती त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मली, तीही पॅरिसमध्ये. 1840 च्या दशकात अलेक्झांडर दबॅं याने हार्मोनियम या नावाचं पेटंट घेतलं. पाइप ऑर्गन परवडत नाही आणि हलवता येत नाही, त्यावरचा हा उपाय होता. म्हणजे 'घरी आणि बाहेर दोन्हीकडे चालेल असं वाद्य' हा आमचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा जुना निघाला!

ते वाद्य पायाने भाता मारायचं. घडी घालून पेटीसारखं उचलता येणारी पायपेटीही निघाली. आजोबांची तशीच होती, अजून माळ्यावर आहे. पण आपल्याकडे गाणारा बैठकीवर बसतो, मग पाय कुठे हलवणार? कोलकात्यात 1875 मध्ये द्वारकिन ही कंपनी काढणाऱ्या द्वारकानाथ घोष यांना हातपेटीचं श्रेय सहसा दिलं जातं. भाता मागे गेला, डावा हात त्यावर बसला आणि वाजवायला उरला एकटा उजवा हात. पाश्चात्त्य वादकाला हे अर्धं वाद्य वाटेल, पण आपल्याला एका वेळी एकच सूर हवा होता, त्यामुळे काही अडलं नाही. इकडे संगीत नाटकांत ऑर्गन रुळला, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला.

मान मिळाला तसा अपमानही झाला. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी केली. जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधीच तिच्यावर टीका केली होती, रवींद्रनाथांनाही ती आवडत नसे. तक्रार अशी की सूर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही, श्रुती चुकतात. तक्रार खोटी नव्हती. तरी 1971 मध्ये बंदी सैल झाली तोवर घराघरांत, भजनांत, तमाशात पेटी वाजतच होती. रेडिओवर नसली म्हणून कोणाचं गाणं थांबलं नाही.

आमच्या चर्चची गोष्ट याच काळातली. 1963 साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासनेत स्थानिक भाषेला वाट करून दिली. पाइप ऑर्गनचा मान ठेवून इतर वाद्यांनाही परवानगी दिली. लॅटिन मागे पडलं, मराठी गीतं आली आणि त्यांच्यामागून पेटी-तबला. बाबा त्या पहिल्या पोरांपैकी एक.

मग 1980 मध्ये कॅसिओटोन आला, आणि पुढे आपल्याकडे कुठलाही कीबोर्ड म्हणजे 'कॅसिओ' झाला. 1983 मध्ये मिडी आलं, निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. डिजिटल पियानोत तर हातोड्याचं वजनसुद्धा नकली घातलंय. खरी तार नाही, हातोडा तारेवर पडत नाही, तरी बोटाला तो पडल्यासारखा वाटतो.

तर मंडळी, गेल्या रविवारी एका मित्राचा पियानो घरी आणला. 88 पट्ट्या, वजन साधारण बारा किलो. दोघांनी उचलला तर ठीक, पण तो घेऊन सकाळी विरार लोकलमध्ये चढायची कल्पनाही नको. लेक खूश. हलकं दाबलं की हलका आवाज, जोरात दाबलं की जोरात, हे पेटीत नाही आणि तिच्या जुन्या कीबोर्डमध्येही नव्हतं. खाऱ्या हवेत रीड गंजायची भीती नाही, पावसाळ्यात सूर उतरत नाही. काळी एकवरून काळी चारवर जायला एक बटण पुरे. (बाबा लगेच म्हणाले, "आमच्या स्केलचेंजरला पट्ट्या सरकवल्या की तेच होतं.") स्टेजवर मात्र त्याचे स्पीकर अपुरे, वेगळा अॅम्प्लिफायर लागणार.

मग बाबा बसले. उजव्या हाताने एक जुनं गीत धरलं आणि त्यांचा डावा हात हवेत गेला, भाता शोधत. आम्ही हसलो, तेही हसले. पुन्हा वाजवलं, पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदा त्यांनी तो मांडीवर दाबून ठेवला. मग कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "सूर मरतो रे हा. लोक श्वास घेईपर्यंत सूर थांबला पाहिजे." ऑर्गनचा आवाज लावून दिला, तो थांबला. "आणि वीज गेली की?" याला बटण नव्हतं.

आणि त्यांचं खरं होतं. लेकीला लागतो तो बोटांखाली वजन असलेला पियानो. शंभर माणसांना गायला लागतो टिकणारा सूर. मी दोन गरजा एका वर्गणीत कोंबत होतो, कारण निम्मे पैसे वाचत होते. बाबांची जागाही त्याच हिशोबात जात होती, हे मी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

असो. पियानो घरासाठी घेतोय, पूर्ण पैसे आमचे. सणाच्या दिवशी लेक तो चर्चमध्ये नेईल. बाकी रविवारी पेटी. तिचा भाता गळतोय, तो दुरुस्तीला द्यायचाय. डावा हात कसा चालवायचा ते लेक आजोबांकडून शिकतेय. तिला वाटतं ते पियानोपेक्षा अवघड आहे.