मुलांची पहिली डोंगरवाट : माथेरान

चार-पाच वर्षांच्या मुलाला प्रथमच डोंगरावर न्यायचे असेल, तर मुंबई-पुणेकरांना माथेरान सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर पर्यटकांच्या मोटारींना बंदी असून त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथून बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट सौम्य चढाची व झाडीतून जाणारी आहे. जाताना चालावे आणि परतताना माथेरान ते अमन लॉज ही छोटी रेल्वेगाडी पकडावी, म्हणजे मुलांच्या पायांवर ताण येत नाही.

मोठ्यांना पाऊण तास लागणाऱ्या या वाटेसाठी मुलांना दीड-दोन तास द्यावेत. जांभूळ व अंजनीची झाडे, सच्छिद्र जांभा दगड, बुंध्यावरची मुंग्यांची रांग हे सारे थांबून पाहण्यासारखे आहे. पाने-दगड पाहावेत; पिशवीत भरू नयेत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि मुलाच्या खिशात पालकांच्या दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. माकडांसमोर खाऊ काढू नये. घोडे आल्यास मुलाला वाटेच्या आतल्या बाजूस घ्यावे. पॉइंटवर कडे सरळ तुटलेले आहेत; तेथे मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

सगळे पॉइंट एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट मोठ्यांनी सोडावा. मूल थकण्यापूर्वीच परतावे. ‘पुन्हा कधी जायचे?’ असे त्याने विचारले, की सहल सफल झाली.