उघडी सभा आणि उघडे दप्तर

संस्थेचा कारभार उघडा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. सभा उघडी असणे ही एक. दप्तर उघडे असणे ही दुसरी. इतिहासात या दोन्ही नेहमी एकत्र नांदल्या असे नाही.

ठाण्यात वाढलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. मागणी चारचौघांत ठरली होती, म्हणूनच तिच्यात बळ आले. परंतु लोखंड्यांच्या संघास सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. १८९७ साली प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे संघ टिकला नाही.

पुढे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या युनियनचे हिशेब व सभासदांची यादी पाहण्याचा हक्क साध्या सभासदासही दिला. हे मोठेच पाऊल होते. पण हिशेब पाहिला म्हणजे निर्णय कसा झाला, ते कळतेच असे नाही.

निर्णयामागचा वादही दप्तरी ठेवावा, हे अगदी वेगळ्या धंद्यातील माणसांनी करून दाखविले. संगणकाचे प्रोग्रॅम मूळ मजकुरासह सर्वांस खुले देणाऱ्या डेबियन नावाच्या मंडळीने १९९७ साली आपल्या चुका न झाकण्याचे जाहीर वचन दिले व १९९८ साली लेखी घटना केली. हे लोक देशोदेशी विखुरलेले. रोज एका मैदानात जमणे शक्य नाही, म्हणून वाद लेखी चालतो आणि तो कोणासही वाचता येतो. २०१४ साली एका तांत्रिक प्रश्नावर त्यांच्या समितीत मते समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. काही मंडळी नाराज होऊन वेगळी झाली. उघडेपणाने भांडण मिटतेच असे नाही. पण कोणी कोणते मत दिले आणि का दिले, हे विरोधकासही पडताळता आले.

यातून टोकावड्याने, मुरबाड-शहापूरच्या गावांनी काय घ्यावे? ग्रामसभा उघडी असते, वर्षातून चार वेळा तरी भरावी असा नियम आहे. परंतु हजेरीच्या सह्या आधी झाल्या आणि ठराव मागाहून लिहिला गेला, तर उघड्या सभेचा निर्णय बंद खोलीत झाला असेच समजावे. पाण्याची योजना असो, रोजगाराचे काम असो की वनहक्काचा दावा, ठराव सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचला जावा. विरोध करणाऱ्याचे म्हणणेही त्यात उतरावे. प्रत नाकारली गेली, तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. आणि मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी अशासाठी धरतो की, ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कान आहेत.