हृद्रोग व कर्करोग : उशिरा उमगलेलें नातें

आपल्या घरोघरीं दोन रोगांविषयीं दोन निरनिराळ्या भाषा बोलल्या जातात. कोणास हृदयविकाराचा झटका आला कीं घरांतील मंडळी त्याच्या खाण्यापिण्याचा, विडीकाडीचा, बसून राहण्याच्या संवयीचा हिशेब काढूं लागतात. कर्करोग झाल्याचें कळलें म्हणजे मात्र 'प्राक्तन' हा एकच शब्द उच्चारून सारे गप्प बसतात. पहिला रोग कर्माचा व दुसरा दैवाचा, अशी ही वांटणी आहे. ती सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वैद्यकाच्या गेल्या २५० वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां ती वाटते तितकी सरळ नाहीं, हें ध्यानांत येतें.

या दोन रोगांची ओळख वैद्यकास अगदीं वेगवेगळ्या वाटांनीं झाली. १७६८ सालीं विल्यम हेबर्डन या वैद्यानें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढें एक निबंध वाचला. चालतांना, विशेषतः जेवणानंतर चढ चढतांना, छातींत उठणारी आणि थांबतांच ओसरणारी जी कळ, तिचें त्यानें त्यांत यथातथ्य वर्णन केलें. कारण मात्र त्यास सांगतां आलें नाहीं. त्याच शहरांत सात वर्षांनीं, १७७५ मध्यें, पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें धुराडीं झाडणाऱ्या मजुरांस होणाऱ्या एका कर्करोगाचें मूळ त्यांच्या अंगावर सांचणाऱ्या काजळींत आहे, असें दाखवून दिलें. बाह्य कारण आधीं सांपडलें तें कर्करोगाचें, हृद्रोगाचें नव्हे. ही गोष्ट प्राक्तनवाद्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें रुडोल्फ फिर्खो या जर्मन पंडितानें दोन्ही रोग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. रोहिण्यांच्या आंतील थराची विकृति हा एक प्रकारचा दाह आहे, असें त्यानें १८५६ मध्यें प्रतिपादिलें. आणि १८६३ च्या सुमारास कर्करोगाच्या गांठीहि चिरकाल चालणाऱ्या दाहाच्या जागीं उद्भवतात असें मत मांडलें. एकाच माणसानें दोन्ही ठिकाणीं एकच खूण ओळखली होती. परंतु तीं दोन निरीक्षणें शेजारीं आणून ठेवण्यास शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. मध्यंतरीं वैद्यकाच्या शाखा वाढल्या, हृदयाचे वैद्य निराळे व कर्करोगाचे निराळे झाले, आणि ज्ञान वाढतां वाढतां त्यांत भिंतीहि उभ्या राहिल्या.

विसाव्या शतकाच्या मध्यास या भिंतींस खिंडारें पडूं लागलीं. १९४८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत फ्रेमिंगहॅम येथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली. रोग झाल्यावर रोग्याकडे धांवण्याऐवजीं निरोगी माणसांकडेच वर्षानुवर्षें लक्ष ठेवावयाचें, आणि पुढें कोण आजारी पडतो तें टिपून ठेवावयाचें, अशी ही रीत होती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृद्रोगाशीं असलेला संबंध या रीतीनें उजेडांत आला. इकडे इंग्लंडांत १९५० मध्यें रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचें नातें आंकड्यांनीं दाखविलें. तरीहि हृदयाची वही एक व कर्करोगाची दुसरी, असेंच चाललें होतें.

या दोन वह्या एकत्र कशा आल्या, हा प्रसंग मोठा बोधप्रद आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या वतीनें हॅमंड व हॉर्न या दोघांनीं १९५२ पासून ५० ते ६९ वर्षांच्या १,८७,७८३ पुरुषांची पाहणी चालविली. संस्था कर्करोगाची, हेतुहि कर्करोगाचा. परंतु १९५८ मध्यें संपूर्ण हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हां सिगारेट ओढणाऱ्यांत जे अधिक मृत्यु घडले होते, त्यांपैकीं सुमारें निम्मे हृदयाच्या रोहिण्यांच्या विकारानें घडलेले आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचा वांटा सातव्या हिश्शाच्या आसपास होता. धूम्रपानानें फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनीं वाढतो हें खरेंच; पण हृद्रोग मुळांतच सार्वत्रिक असल्यामुळें तेथें थोड्या वाढीनेंहि बळींची संख्या फुगते. एका घरच्या चोराचा माग काढीत गेलेल्यांस तो शेजारच्या घरांतहि हात मारीत असलेला सांपडला!

शास्त्र मात्र सावधपणेंच पावलें टाकीत होतें. ११ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचें धूम्रपान हें कारण होय, असें त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें. हृद्रोगाच्या बाबतींत मात्र संबंध दिसतो, कार्यकारणभाव अद्याप सिद्ध नाहीं, एवढेंच म्हटलें. आपण ज्यास आपल्या हातचा रोग समजतों त्याविषयीं शास्त्र साशंक होतें, आणि ज्यास दैव म्हणतों त्याविषयीं त्याची खात्री पटली होती. हृद्रोगाविषयींची शंका पुढें फिटली.

आपल्याकडे हा धडा तंबाखूच्या चंचीनेंहि शिकविला. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें. तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं तोंडाचा कर्करोग व तंबाखू चघळण्याची संवय यांच्या संबंधाचा अभ्यास केला. गालांत धरलेल्या त्याच तंबाखूंतील निकोटिन रक्तांत उतरून नाडीचा वेग व रक्तदाब वाढवितें, हें निराळें सांगावयास नको.

तंबाखू सोडली तर दोहोंचें नातें उरतें काय? २०१० मध्यें अमेरिकेच्या हृद्रोग संघटनेनें हृदयरक्षणाच्या सात गोष्टी नेमून दिल्या : धूम्रपानवर्जन, व्यायाम, योग्य आहार, बेताचें वजन, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल व रक्तांतील साखर यांवर ताबा. तेथील १३,२५३ माणसांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. यांपैकीं सहा किंवा सात गोष्टी ज्यांच्या ठायीं होत्या त्यांस, एकहि नसलेल्यांच्या मानानें, कर्करोगाचा धोका ५१ टक्क्यांनीं कमी आढळला. धूम्रपान वगळून पुन्हां हिशेब केला, तेव्हां हा लाभ २५ टक्क्यांवर उतरला. म्हणजे मोठा अपराधी तंबाखूच. पण ती एकटी नव्हे.

फिर्खोच्या जुन्या दाहाकडेहि शास्त्र परत वळलें. पूर्वीं झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रोग्यांवर दाहशामक 'कॅनाकिनुमॅब'चा प्रयोग झाला. तो हृदयासाठीं होता. पण २०१७ मध्यें निष्कर्ष आले, तेव्हां औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाणहि घटलेलें दिसलें. पुढें त्या कर्करोगावर उपचार म्हणून तेंच औषध देऊन पाहिलें, तेव्हां मात्र अपेक्षित गुण आला नाहीं. नातें आहे, पण तें एका गोळीनें किंवा सुईनें तोडण्याइतकें साधें नाहीं.

म्हणून या इतिहासाचा उपयोग रोग्यास दोष देण्यासाठीं कोणी करूं नये. आनुवंशिकता, वय आणि पेशींच्या विभागणींत आपोआप होणाऱ्या चुका यांवर कोणाचाच ताबा नसतो. सातहि नियम पाळणाऱ्यास कर्करोग होऊं शकतो, हृद्रोगहि होऊं शकतो. आजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याच्या जुन्या चुका मोजणें हें क्रौर्य होय. परंतु निरोगी माणसानें 'प्राक्तन' म्हणून हातपाय गाळणें हाहि शहाणपणा नव्हे. हृदयासाठीं म्हणून जो चंची टाकतो आणि रोज कोसभर चालतो, तो नकळत दुसऱ्या दारालाहि कडी घालीत असतो. ती कडी अभेद्य नसेल. पण ती घालणें आपल्या हातीं आहे, हें समजावयास माणसास २५० वर्षें लागलीं, आणि समजलेलें आचरावयास आणखी तितकीं लागूं नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.