साच्यातून आलेला खोका

सोलापूरहून विजापूरला जाणारा रस्ता वडकबाळच्या पुलावरून सीना ओलांडतो, आमच्या मंद्रूपमधून जातो आणि पुढं टाकळीपाशी भीमा पार करून कर्नाटकात शिरतो. या रस्त्यानं माणसं, जनावरं, कापूस, ज्वारी आणि दोन भाषा शतकानुशतकं ये-जा करत आल्या आहेत. भेटवस्तूसाठी हातानं केलेला कागदी खोका, त्याची डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, आणि ती दाबायचं हँडलचं छोटं यंत्र हे सगळं आज मोबाइलवर बघून शिकलेलं नवं वेड वाटतं. पण त्याची वंशावळ लावायला बसलं की तिच्यातली कितीतरी नावं याच रस्त्यावर सापडतात.

सुरुवात विजापूरकडून करावी लागते. १७ व्या शतकात आदिलशाही मुलखात अब्री कागदाची चित्रं होऊ लागली. दाटसर पाण्यावर रंग सोडायचे, काडीनं हलवायचे आणि वर कागद टेकवून ती नक्षी उचलून घ्यायची, ही अब्रीची रीत इराणपासून इस्तंबूलपर्यंत माहीत होती. दख्खनच्या चित्रकारांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. त्यांनी आकृतीचा कागद आधी कापून घेतला, उरलेला भाग कापलेल्या कागदानं आणि डिंकानं झाकला आणि मग तो अब्रीवर टेकवला. त्यामुळे बरगड्या दिसणारा हाडकुळा घोडा तेवढा रंगांच्या लाटांनी भरला आणि भोवतीचा कागद कोरा राहिला. अशी मोजकी चित्रं आज परदेशांतल्या संग्रहालयांत आहेत. माझ्या लेखी डायच्या वंशाचा मूळपुरुष तो कापलेला कागद. आकार एकदा नीट विचार करून कापायचा, म्हणजे पुढं हातानं दरवेळी विचार करायला नको. (त्याच आदिलशाहीला सोलापूरचा किल्ला अहमदनगरच्या चांदबिबीबरोबर आंदण म्हणून मिळाला होता. भेटवस्तूंच्या इतिहासात याहून मोठा नग आमच्या जिल्ह्यानं पाहिलेला नाही.)

त्या काळी कागदाचा खोका मात्र कुणी केला नसता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद हातानं तयार व्हायचा आणि तो दप्तरासाठी, पोथीसाठी जपून वापरला जायचा. वस्तू ठेवायला लाकूड होतं, वेत होता, पितळ होतं. सावंतवाडीच्या गंजिफाच्या गोल पत्त्यांनाही रंगवलेली लाकडी पेटीच असे. कागद स्वस्त झाला तो गिरण्यांच्या काळात, आणि मगच तो गुंडाळून फेकण्याइतका, म्हणजे खोका करण्याइतका हाताशी आला.

दरम्यान घराघरांत साच्याची सवय होतीच. जाड कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून केलेला ठिपक्यांचा कागद अंगणात ठेवला, त्यावरून रांगोळी फिरवली की रांगेत ठिपके. भरतकामासाठी बटर पेपरवर नक्षी सुईनं टोचायची आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा, की पोलक्याच्या कापडावर वेल उमटलीच. जत्रेच्या पताका घडीवर घडी घालून एकाच कातरीत निघायच्या. मोहरमच्या ताबुतांवर बांबूच्या कामट्यांना रंगीत कागदाची जाळी चढायची, आणि आमच्या भागात ती कापायला सगळ्या जातीधर्मांची पोरं बसायची.

पण सोलापूर जिल्ह्यात साचा आणि कात्री सर्वांत जास्त वेळा कुणाच्या हातात आली असेल तर ती विडी वळणाऱ्या बाईच्या. तेंदूचं पान रात्री भिजवून मऊ करायचं, सकाळी त्यावर विडीच्या मापाचा पत्रा ठेवायचा आणि पत्र्याच्या कडेनं कात्री फिरवायची. शीर मध्ये येऊ द्यायची नाही, पान वाया जाऊ द्यायचं नाही, एका पानातून जितके तुकडे निघतील तितके काढायचे. मग तंबाखू, गुंडाळी, दोरा, आणि तोंड मिटवणं. मजुरी हजार विड्यांवर. पत्र्याला धार नसते, तो फक्त सीमा सांगतो, कापायचं काम बोटांचंच. दिवसभर ही कात्री चालवणाऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो. या कामगारांसाठी १९६६ साली विडी आणि सिगार कामगार कायदा झाला. २००६ साली आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं विडी कामगार बायकांच्या हाती आली. साच्यानं कापण्याचा इतिहास लिहिताना परदेशी कंपन्यांची नावं येतात आणि या हातांचं नाव राहून जातं, हे मला खुपतं. कापण्यातली सफाई म्हणजे काय हे शिकायचं तर विडी वळणारी बाई पान कापताना एकदा पाहावी. कात्री ती हलवतच नाही, पान फिरवते.

दुसरी शाखा मागावरची. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढं जुनी मिल म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथं रुजले आणि पुढं सोलापुरी चादरीचं नाव देशभर झालं. त्या चादरीवरचे मोर, कमळं, वेलबुट्ट्या जॅकार्डच्या मागावर निघतात, आणि जॅकार्डचा जीव पुठ्ठ्यात असतो. नक्षी आधी आलेख कागदावर चौकटी भरून काढली जाते. आलेखाची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. चौकट भरलेली असेल तिथं भोक, कोरी असेल तिथं काही नाही. भोकं पाडायचं यंत्र बोटांनी आणि पायांनी चालतं, म्हणून त्याला पियानो मशीन म्हणतात. भोक आलं की मागावरचा आकडा वर जातो आणि ताण्याचा धागा उचलतो, नाही आलं की धागा जागेवर. अशी शेकडो-हजारो कार्डं दोरीनं ओवून त्यांची माळ मागावर चढते.

फ्रान्समधल्या लियोंला बाझील बूशाँनं १७२५ साली भोकांची कागदी पट्टी वापरली, नंतर कार्डं आली, आणि १८०४ साली जोसेफ मारी जॅकार्डनं ते सगळं एका यंत्रात बसवलं. त्याचं स्वतःचं चित्र पुढं रेशमात विणलं गेलं, त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यानं पुठ्ठ्याच्या माळा कमी होत चालल्या आहेत. पण ज्या गावाची ओळखच भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यातून विणून निघाली, तिथल्या माणसाला पेपरक्राफ्ट परकं वाटायचं कारण नाही.

खुद्द खोक्याची गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती शेतकऱ्याला जवळची वाटेल, कारण ती बियाण्यांच्या पिशव्यांपासून सुरू होते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला रॉबर्ट गेअर न्यूयॉर्कमध्ये कागदी पिशव्यांचा कारखाना चालवत होता. १८७९ साली बियाण्यांच्या पिशव्या छापताना घडीची खूण पाडणारी धातूची पट्टी सरकून वर आली आणि तिनं पिशव्या चिरल्या. माल फुकट गेला. गेअरनं मात्र त्या चिरेकडं नीट पाहिलं. तोपर्यंत घडीची खूण वेगळी पाडत आणि कापणं वेगळं होई. आता एकाच दाबात दोन्ही होऊ शकत होतं. काही पट्ट्या धारदार आणि उंच ठेवायच्या, काही बोथट आणि किंचित बुटक्या. उंच पट्टी कापते, बुटकी नुसती दाबते. पुठ्ठा सपाट बाहेर येतो आणि दुमडला की खोका होतो. चपलेच्या तळव्यांचं चामडं साच्यानं कापणं याच्या आधीच सुरू झालं होतं, पण कापणं आणि घडी यांची गाठ गेअरनं मारली. त्या शतकाच्या अखेरीस नॅशनल बिस्किट कंपनीनं असे खोके घेतले आणि किराणा दुकानातलं उघडं पिंप मागं पडू लागलं. बिस्किटांपासून औषधापर्यंत दुकानातला जवळजवळ प्रत्येक पातळ खोका आजही याच रीतीनं निघतो.

सोलापुरात ही रीत छापखान्यांच्या अंगणात रुजली. दाते पंचांगाच्या या गावात छपाई जुनी. खिळे जुळवून ट्रेडल छपाई यंत्रावर लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं निघत. ऑफसेट आलं आणि खिळे भंगारात गेले. ट्रेडल मात्र बऱ्याच ठिकाणी टिकली, कारण तिला पंचिंगचं, म्हणजे डायनं कापायचं, काम मिळालं. शिशाचा खिळा सुमारे २३.३ मिलिमीटर उंच आणि डायमधली धारेची पट्टी सुमारे २३.८ मिलिमीटर. जवळपास तीच उंची, त्यामुळे खिळ्यांच्या चौकटीत डायची फळी बसून गेली. डायमेकर प्लायवूडवर खोक्याचा उलगडा काढतो, रेघेरेघेवर बारीक करवतीनं फट पाडतो (हल्ली लेझरनं) आणि पट्ट्या वाकवून त्या फटींत ठोकतो. फटीच्या मध्ये कुठं कुठं लाकूड अखंड सोडावं लागतं, नाहीतर फळीच तुकडे होऊन पडेल. पट्टीच्या दोन्ही बाजूंना स्पंज चिकटवतो, तो कापलेला कागद पट्टीतून बाहेर ढकलतो. मिठाईचे खोके, विजारीचे टॅग, खिडकीच्या लग्नपत्रिका याच फळ्यांवर. आपल्याकडची द्राक्षं चार किलोच्या ज्या पेटीत जातात, तिच्या हवेच्या भोकांमागं आणि धरायच्या खाचेमागंही अशीच डाय आहे.

घराकडं हा खोका शाळेतून आला. वर्ध्याच्या नई तालीमनं १९३७ पासून हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं. कोठारी आयोगानंतर कार्यानुभव हा विषयच झाला. १९४० साली पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेनं हातकागद संस्था उभी राहिली आणि रंगीत, जाडसर, कडा फाटक्या असलेला कागद कार्डांसाठी, खोक्यांसाठी मिळू लागला. आमच्या शाळेत पुठ्ठाकाम म्हणजे पट्टी, पेन्सिल, ब्लेड आणि मैद्याची खळ. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची सुट्टी लागायच्या आत तिळगुळाची डबी करून न्यायची असे. तिचे चार कान सारखे आले की गुण, नाही आले की खळ आणखी लावायची. त्यापुढची पायरी रुखवत. पूर्वी रुखवत म्हणजे वरपक्षाला पाठवलेला फराळ. हळूहळू त्याच्या शेजारी पुठ्ठ्याचं देऊळ, कागदाची पालखी, मण्यांची तुळस मांडली जाऊ लागली. लग्नघरातल्या मुली, मावश्या, शेजारणी महिनाभर बसून जे करत ते आपल्याकडचं सगळ्यात भरघोस पेपरक्राफ्ट होतं. त्याच बायकांच्या लेकी-सुना आज डोहाळेजेवणाचे, बारशाचे, मुंजीचे खोके ऑर्डरवर करतात.

त्यांच्या टेबलावरचं छोटं यंत्र पुन्हा शाळेतूनच आलेलं आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एलिसन कंपनीनं शिक्षकांसाठी अक्षरं कापायचं हातयंत्र काढलं, म्हणजे फळ्यासाठी अ-आ-इ कापत बसायला नको. २००१ साली त्यांनीच घरच्यांसाठी सिझिक्स आणलं. पुढं जाड फळीच्या डायऐवजी रसायनानं कोरलेली, पातळ पोलादी डाय आली. क्रिकटसारखी संगणकावरून चालणारी यंत्रं तर पट्टीही वापरत नाहीत, पातं स्वतःच चित्राच्या रेघेवरून फिरतं.

मला हँडलचं यंत्र आवडतं. खाली अ‍ॅक्रिलिकची पाटी, तिच्यावर कार्डशीट, त्यावर डाय धार खाली करून, वर दुसरी पाटी. हँडल फिरवलं की रोलर आत ओढतो, मध्यावर कर्र असा आवाज येतो आणि पाट्या दुसऱ्या बाजूनं बाहेर. जाळीच्या नक्षीतले बारीक तुकडे अडकून बसतात, ते सुईनं एकेक ढकलून काढायचे. कागदाचा ग्रेन पाहूनच शीट लावायचं. ग्रेनच्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घेतली की कडेला कागद तडकतो आणि आतला पांढरा रंग दिसतो. चिकटपट्टीवर गोंद कमी लावायचा आणि बोटानं नाही तर पट्टीनं दाबायचा. खोका चौकोनात आला का ते सपाट पाटावर ठेवून बघायचं, एक कोपरा उचलला तर गोंद ओला असतानाच सरकवायचा.

डायनं कापलेला खोका हातचा कसा म्हणायचा, असं लोक विचारतात. विडीचा पत्रा, जॅकार्डचं कार्ड, ठिपक्यांचा कागद यांच्या गावात हा प्रश्न मला नीटसा कळत नाही. साच्यानं माप सांभाळलं, घडी आणि जोड कधी सांभाळली नाही. फरक कुठं असेल तर तो मालकीचा आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या हातून जाणाऱ्या हजाराचा दर दुसरा ठरवायचा. डाय जिच्या घरात आहे ती खोक्याचा दर स्वतः सांगते.

अडचण एक आहे. तयार मिळणाऱ्या डाय इंचात असतात आणि परदेशातल्या भेटकार्डांच्या, कपकेकच्या, मेणबत्त्यांच्या मापाच्या असतात. सोलापूरकडून पाहुण्याच्या हाती दिली जाते ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी. भाकरी हातानं थापलेली, तिचा व्यास कधी बोटभर इकडं, कधी तिकडं. चटणीला तेल सुटतं, म्हणून तिचा कप्पा वेगळा हवा आणि आतून बटर पेपर हवा. भाकरी कडक असली तरी तिची कड मोडते, म्हणून चौकोनी तळाच्या चार कोपऱ्यांत आधाराला कान हवेत. अशी डाय कुठल्याही पाकिटात मिळत नाही. ती सोलापूरच्या डायमेकरकडून करून घ्यावी लागते आणि तो फळीला करवत लावायच्या आधी पुठ्ठ्याचा कच्चा खोका मागतो. तो मी ३०० जीएसएमच्या पांढऱ्या बोर्डात करून ठेवला आहे. सहा भाकऱ्या मावतात, झाकणाची जीभ तेवढी दोन मिलिमीटर आत घ्यायची राहिली आहे.