बॉस्टनचे एक नभोवाणी केंद्र

परवाना मालकाच्या नावे असतो. पण नभोवाणी केंद्र खरे कोणाचे, हा प्रश्न अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९७९ साली उभा राहिला.

‘डब्ल्यूबीसीएन’ हे केंद्र टी. मिचेल हेस्टिंग्ज यांनी १९५८ साली पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी सुरू केले. त्यातून पैसा फारसा मिळेना. तेव्हा १५ मार्च १९६८ च्या रात्री, रे रीपन यांच्या पुढाकाराने, तेथे रॉक संगीताचा प्रयोग सुरू झाला. इतर केंद्रे तीन-तीन मिनिटांची लोकप्रिय गाणी फिरून फिरून वाजवीत. येथील निवेदक मात्र स्वतःच्या आवडीने दीर्घ रचना ऐकवीत आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीची वार्ताही सांगत. तरुण श्रोत्यांना हे केंद्र आपलेसे वाटू लागले.

या आपलेपणाची कसोटी १९७९ च्या फेब्रुवारीत लागली. हेमिस्फिअर ब्रॉडकास्टिंग या नव्या मालक कंपनीने एकोणीस जणांना कामावरून काढले आणि कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. श्रोत्यांनी त्यांची बाजू घेतली, जाहिरातदारांनीही हात आखडता घेतला. जाहिरात हेच केंद्राचे उत्पन्न. सुमारे तीन आठवड्यांत मालकांना काढलेल्यांना परत घ्यावे लागले.

पुढे २००९ च्या ऑगस्टमध्ये सीबीएस रेडिओ या तत्कालीन मालक कंपनीने १०४.१ मेगाहर्ट्झवरील हे केंद्र हलवून त्या जागी आपले दुसरे केंद्र आणले. लोकांच्या जिव्हाळ्याने एकदा माणसांच्या नोकऱ्या वाचविल्या होत्या. परवाना त्यांच्या हाती कधीच नव्हता.