पानावरच्या घटकाला थेट हात लावण्याचा इतिहास

खांडबारा हे नवापूर तालुक्यातलं, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं गाव. तिथला एखादा विद्यार्थी मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधार क्रमांक चुकला, तर कर्सर आपोआप त्याच रकान्यात येऊन थांबावा, ही अपेक्षा साधी आहे. पण त्यासाठी प्रोग्रामला पानावरचा नेमका तो रकाना हाती धरावा लागतो, आणि प्रोग्राम शुद्ध फंक्शन्समधून रचण्याच्या फंक्शनल पद्धतीच्या आग्रही मंडळींनी हे थेट धरणं बराच काळ दोष मानलं. इतिहास पाहिला तर मला वेगळं दिसतं: ही वाट अरुंद करणं गरजेचं होतं, बंद करणं मात्र कुणालाच जमलं नाही, आणि जमायलाही नको होतं.

1998 साली डॉमचं, म्हणजे पानावरचे घटक प्रोग्रामला हाताळू देणाऱ्या रचनेचं, पहिलं प्रमाण ठरलं आणि 2006 मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने घटक शोधणं, बदलणं एका ओळीचं काम केलं. सोय मोठी होती, पण कोडच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुठलाही घटक बदलता येई. एका ठिकाणी लपवलेला रकाना दुसरीकडून पुन्हा उघडा पडे, आणि पान या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी एक जागाच उरत नसे. 2013 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या, पडदे रचणाऱ्या रिअ‍ॅक्टने ही जागा डेटाला दिली: डेटा बदला, पडदा त्यावरून ठरेल. ऑक्टोबर 2015 च्या 0.14 आवृत्तीत साधं फंक्शनही कंपोनंट, म्हणजे पडद्याचा एक तुकडा, झालं. मात्र अशा फंक्शनची इन्स्टन्स (टिकून राहणारी प्रत) नसे, त्यामुळे त्याला बाहेरून रेफ, म्हणजे घटकाला धरून ठेवणारा दुवा, जोडता येत नसे, आणि एका रेंडरमधून (पडदा रचण्याच्या एका फेरीतून) दुसऱ्यात काही जपून ठेवायलाही आत जागा नव्हती. तेवढ्यासाठी अनेकदा क्लास लिहावा लागे. मार्च 2018 मध्ये बाहेरचा रेफ आतल्या घटकापर्यंत नेणारं फॉरवर्डरेफ आलं, फेब्रुवारी 2019 मध्ये हुक्ससोबत (फंक्शन कंपोनंटला अशा सोयी देणाऱ्या फंक्शन्ससोबत) यूजरेफ आलं, आणि फंक्शन कितीदाही चाललं तरी टिकून राहणारी एक पेटी मिळाली. डिसेंबर 2024 च्या रिअ‍ॅक्ट 19 मध्ये तर रेफ साध्या प्रॉपसारखा (कंपोनंटला दिलेल्या इतर माहितीसारखा) पाठवता येऊ लागला. त्याच आवृत्तीतून फाइंडडॉमनोड काढून टाकलं गेलं, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधारे बाहेरचा कोड मुलाला, म्हणजे आतल्या कंपोनंटला, न विचारता त्याच्या आतला घटक ओढून काढू शकत असे. आता मूल जे देईल तेवढंच पालक कंपोनंटला मिळतं.

यावर आक्षेप येतो की थेट स्पर्शाने फंक्शनची शुद्धता (त्याच इनपुटला तेच उत्तर) भंगते. रेंडर चालू असताना रेफ वाचला तर भंगतेच. पण क्लिकनंतर किंवा रेंडरनंतर चालणाऱ्या इफेक्टमध्ये वाचला, तर फंक्शनचा हिशेब तोवर पूर्ण झालेला असतो. शिवाय फोकस, स्क्रोल, घटकाची मोजलेली उंची या गोष्टी मुळात ब्राउझरच्या ताब्यातल्या आहेत. शुद्धतेबाबत सर्वांत कडक असलेल्या एल्म या भाषेलाही 2018 च्या 0.19 आवृत्तीत फोकससाठी वेगळं फंक्शन ठेवावं लागलं. घटक सापडला नाही तर ते तसं उत्तर परत देतं. मग जेक्वेरीचीच मोकळीक का नको? कारण रिअ‍ॅक्टने रचलेला घटक हाताने काढून टाकला, तर पुढच्या रेंडरला तो जागेवरच आहे असं रिअ‍ॅक्ट धरून चालतं आणि पान कोलमडू शकतं. म्हणून मजकूर बदलायचा, रकाना लपवायचा, ओळ काढायची, ते डेटातूनच करा. फोकस, स्क्रोल आणि मोजमापासाठी मात्र रेफ निःसंकोच वापरा.